वाचकांचे प्रश्न : अंगणातली निवडणुकीची पाटी

निवडणुकीचा मोसम जवळ आला की अमेरिकेतल्या वस्त्यांमध्ये घरापुढच्या हिरवळीवर उमेदवारांच्या नावांच्या पाट्या दिसू लागतात आणि आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा विषयही बदलतो. व्हिसा, शाळाप्रवेश आणि आईवडिलांचा आरोग्यविमा हे नेहमीचे विषय काही काळ मागे पडतात आणि ‘यार्ड साइन’बद्दल विचारणा सुरू होते. त्यांतली काही पत्रे या अंकात घेतली आहेत. वाचकांच्या विनंतीवरून त्यांची नावे वगळली आहेत. प्रत्येक राज्याचा, आणि पुष्कळदा प्रत्येक गावाचा, नियम निराळा असल्याने सर्वांना लागू पडेल असे एकच उत्तर देता येत नाही. तरी पाटीची तार नक्की कोणाच्या जमिनीत खोचली आहे, हा प्रश्न आधी सोडवला की पुढचे पुष्कळसे आपोआप उलगडते, असा माझा आजवरचा अनुभव आहे.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत बारा वर्षे स्वतःच्या घरात राहतो. या वर्षी प्रथमच टाउनशिप कौन्सिलच्या, म्हणजे गावच्या स्थानिक प्रशासनाच्या मंडळाच्या, एका उमेदवाराची पाटी घरापुढे लावली आणि चौथ्या दिवशी ती नाहीशी झाली. टाउनशिपच्या ट्रकमधून आलेल्या कर्मचाऱ्यांनी ती उपटून नेल्याचे शेजाऱ्यांनी सांगितले. पाटी फुटपाथच्या पलीकडे, रस्त्याकडेच्या गवतात होती. ते गवत आम्हीच कापतो, हिवाळ्यात फुटपाथवरचा बर्फही आम्हीच काढतो. मग आमच्या अंगणातली पाटी काढण्याचा त्यांना काय अधिकार?

उत्तर : आपला संताप मी समजू शकतो, पण आपण वर्णन केलेली जागा बहुधा आपल्या अंगणात मोडत नाही. फुटपाथ आणि रस्त्याचा कर्ब, म्हणजे कडेचा उंच काठ, यांच्यामधली गवताची पट्टी साधारणपणे सार्वजनिक ‘राइट-ऑफ-वे’चा, म्हणजे रस्त्यासाठी राखलेल्या जागेचा, भाग असते. तिची निगा राखण्याची जबाबदारी टाउनशिपने घरमालकावर टाकलेली असते, परंतु तिच्यावर काय उभे करायचे हे ठरवण्याचा हक्क टाउनशिपने स्वतःकडेच ठेवलेला असतो. गवत आपण कापतो म्हणून ती पट्टी आपली होत नाही, ही गोष्ट घर घेताना आपल्याला कोणीही समजावून सांगत नाही, त्यामुळे दर निवडणुकीत कितीतरी घरमालक याच ठिकाणी अडखळतात.

सार्वजनिक जागेवर कोणाच्याच पाट्या नकोत, असा सरसकट नियम करण्याची मुभा गावांना आहे. लॉस एंजेलिस शहराने विजेच्या आणि टेलिफोनच्या खांबांवर पाट्या लावण्यास बंदी केली होती आणि एका उमेदवाराच्या समर्थकांनी तिला आव्हान दिले होते. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी वैध ठरवली. मात्र त्यासाठी बंदी सर्वांना सारखी लागू असावी लागते. त्याच पट्टीवरच्या विरोधी उमेदवाराच्या किंवा घरविक्री करणाऱ्या एजंटांच्या पाट्या जागच्या जागी राहिल्या आणि केवळ आपलीच उचलली गेली असेल, तर आपली तक्रार फार निराळ्या आणि गंभीर स्वरूपाची ठरते. अशा वेळी त्याच दिवशी रस्त्याची छायाचित्रे काढून टाउनशिप क्लर्ककडे लेखी तक्रार द्यावी.

आता करण्याजोगे काम सांगतो. घर घेताना क्लोजिंगच्या कागदपत्रांत जमिनीचा ‘सर्व्हे’, म्हणजे मोजणीचा नकाशा, मिळालेला असतो. तो काढा. त्यावर आपली हद्द कर्बपासून किती फुटांवर सुरू होते हे लिहिलेले असते किंवा मोजून काढता येते. मी माझ्या घरासाठी एका शनिवारी टेप घेऊन हे मोजले, तेव्हा माझी पत्रपेटी, दारचे मेपलचे झाड आणि ज्याला मी इतकी वर्षे ‘आमचा वाफा’ म्हणत होतो त्यातला अर्ध्याहून अधिक भाग सार्वजनिक पट्ट्यात असल्याचे कळले. त्या दिवसापासून मी पाटी फुटपाथच्या घराकडच्या बाजूला, हद्दीच्या चांगली दोन फूट आत लावतो आणि ती कोणी हलवलेली नाही. घर कोपऱ्यावर असेल तर आणखी एक काळजी घ्यावी. वळणावर समोरून येणारी गाडी दिसावी म्हणून कोपऱ्याचा त्रिकोणी भाग मोकळा ठेवण्याचा नियम बहुतेक गावांत असतो, आणि तो आपल्या मालकीच्या जमिनीलाही लागू होतो.

उचललेल्या पाट्या बऱ्याच गावांत पब्लिक वर्क्स खात्याच्या आवारात काही दिवस ठेवतात. फोन करून विचारा. आपली पाटी तिथे भिंतीला टेकून उभी असण्याची शक्यता आहे.

प्रश्न : आम्ही सेंट लुईसच्या एका उपनगरात राहतो. आमच्या गावच्या पत्रकात ‘राजकीय पाट्या मतदानाच्या ३० दिवस आधीपर्यंत लावू नयेत आणि नंतर ७ दिवसांत काढाव्यात’ असे छापले आहे. घरविक्रीच्या पाट्या मात्र महिनोन्‌महिने उभ्या असतात. असा भेद कायद्याला मान्य आहे का?

उत्तर : आपण ज्या परिसरातून हा प्रश्न विचारत आहात, त्याच परिसरात या विषयाचा सगळ्यात महत्त्वाचा खटला घडला आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

सेंट लुईसजवळच्या लडू या गावी मार्गारेट गिलिओ या रहिवासी बाईंनी डिसेंबर १९९० मध्ये, आखाती युद्ध तोंडावर आले असताना, आपल्या घरापुढे २४ बाय ३६ इंचांची युद्धविरोधी पाटी लावली. ती नाहीशी झाली. त्यांनी दुसरी लावली, ती कोणीतरी जमिनीवर आडवी केली. त्यांनी पोलिसांकडे तक्रार केली, तेव्हा गावात अशा पाट्यांनाच मनाई असल्याचे त्यांना सांगण्यात आले. घरविक्रीच्या, घराच्या नावाच्या आणि धोक्याची सूचना देणाऱ्या पाट्यांना गावाची मुभा होती, पण स्वतःचे मत सांगणाऱ्या पाटीला नव्हती. बाई न्यायालयात गेल्या आणि तो वाद चालू असतानाच त्यांनी दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत, आपण रोज प्रिंटरमध्ये घालतो तेवढ्या साडेआठ बाय अकरा इंचांच्या कागदावर आखातात शांतता नांदावी अशा अर्थाचे शब्द लिहून लावले. गावाने नियम बदलून तोही कागद निषिद्ध ठरवला. जून १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊही न्यायमूर्तींनी बाईंच्या बाजूने निकाल दिला. न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स यांनी निकालपत्रात जे विवेचन केले त्याचा आशय असा, की घरावरची पाटी हे मत मांडण्याचे अतिशय स्वस्त आणि सोपे साधन आहे. ज्यांच्यापाशी वर्तमानपत्रात जाहिरात द्यायला पैसा नाही किंवा दारोदार फिरायला वेळ नाही त्यांना त्याच्या तोडीचा पर्याय नसतो. आणि पाटी कोणाच्या घरावर आहे यानेही तिच्या म्हणण्याला वजन येते. हे शेवटचे निरीक्षण मला फार खरे वाटते. आपल्या डॉक्टरांच्या किंवा मुलांच्या शिक्षिकेच्या अंगणातली पाटी पाहून आपण जसे थबकतो, तसे हमरस्त्यावरचा मोठा फलक पाहून थबकत नाही.

आपल्या गावातल्या मुदतीसारखीच मुदत मिझुरीतल्याच ग्लॅडस्टन शहराने घातली होती : मतदानाच्या ३० दिवस आधीपासून आणि ७ दिवस नंतरपर्यंत. आठव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने १९९५ साली ती घटनाबाह्य ठरवली, आणि हे न्यायालय मिझुरीवर अधिकार असलेलेच आहे.

त्यानंतर २०१५ साली ॲरिझोनातल्या गिल्बर्ट गावाचा खटला आला. त्या गावाच्या नियमांत मतप्रदर्शनाच्या पाटीला २० चौरस फूट, घराच्या आवारातल्या निवडणुकीच्या पाटीला १६ चौरस फूट आणि प्रार्थनेचे ठिकाण दाखवणाऱ्या चर्चच्या पाटीला केवळ ६ चौरस फूट अशी मर्यादा होती. शिवाय ही शेवटची पाटी कार्यक्रमाच्या १२ तास आधी लावून तो संपल्यावर तासाभरात काढावी लागे. पाटीवर काय लिहिले आहे ते वाचून जर नियम बदलत असेल, तर त्या नियमाची अतिशय कठोर छाननी झाली पाहिजे, असे न्यायालयाने एकमताने दिलेल्या निकालाच्या मुख्य मतात म्हटले. या निकालानंतर देशभरच्या अनेक गावांना आपले पाट्यांचे नियम नव्याने लिहावे लागले. ज्यांनी ते लिहिले नाहीत त्यांच्या पत्रकांत जुनी कलमे अजून छापली जात असतात, आणि आपल्या हाती आलेले पत्रक त्याच जातीचे असावे असे वाटते.

म्हणजे नियमच नसावेत असा याचा अर्थ नव्हे. कोणत्याही तात्पुरत्या पाटीचा आकार, उंची, हद्दीपासूनचे अंतर, तिच्यावर दिवे लावू नयेत, अशी बंधने मजकुराकडे न पाहता सर्वांवर सारखी घालता येतात. आपण गावाच्या क्लर्कला किंवा झोनिंग अधिकाऱ्याला नम्रपणे एक पत्र लिहून ‘हे कलम वरील निकालांनंतर तपासले गेले आहे का’ एवढेच विचारावे. गावाचा वकील ते पत्र गांभीर्याने घेईल, कारण असे खटले हरल्यावर समोरच्याच्या वकिलाची फी बहुधा गावालाच भरावी लागते.

प्रश्न : आमची टाउनहाउसांची वसाहत आहे. बोर्डाच्या नियमावलीत ‘फॉर सेल’खेरीज कोणतीही पाटी लावू नये असे आहे. अध्यक्ष म्हणतात, घटनेतले भाषणस्वातंत्र्य सरकारविरुद्ध असते, असोसिएशनविरुद्ध नाही. ते बरोबर आहेत का? (पार्सिपनी परिसर, न्यू जर्सी)

उत्तर : अमेरिकेच्या राज्यघटनेपुरते अध्यक्ष बरोबर आहेत. पहिली घटनादुरुस्ती सरकारला बांधते. खासगी असोसिएशन आणि सभासद यांच्यातला संबंध मुख्यतः कराराचा असतो, आणि घर घेताना आपण त्या करारावर सही केलेली असते. परंतु न्यू जर्सी राज्याच्या स्वतःच्या राज्यघटनेतले भाषणस्वातंत्र्य अधिक व्यापक आहे आणि ते काही प्रमाणात खासगी मालमत्तेवरही चालते. योगायोग असा की याविषयीचा निर्णायक खटला आपल्या परिसरातलाच आहे. पार्सिपनीमधल्या मॅझ्डाब्रूक या टाउनहाउस वसाहतीतले एक रहिवासी २००५ साली टाउन कौन्सिलच्या निवडणुकीला उभे होते. त्यांनी स्वतःच्या प्रचाराच्या पाट्या स्वतःच्याच खिडकीत आणि दारावर लावल्या, आणि असोसिएशनने त्या काढायला लावल्या. तिथेही नियम हाच होता : घरविक्रीची पाटी चालेल, बाकी नाही. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली अशी जवळजवळ संपूर्ण बंदी राज्यघटनेच्या विरुद्ध ठरवली.

मात्र २००७ साली याच न्यायालयाने ईस्ट विंडसरमधल्या ट्विन रिव्हर्स वसाहतीचा नियम कायम ठेवला होता, हेही बोर्डापुढे जाताना लक्षात असू द्यावे. तिथे घराच्या खिडकीत एक आणि घरापासून तीन फुटांच्या आतल्या फुलझाडांच्या वाफ्यात एक, एवढ्या पाट्यांना परवानगी होती. दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचले की रेघ स्पष्ट दिसते : संख्या, जागा आणि आकार यांवर असोसिएशन वाजवी बंधन घालू शकते, परंतु तोंडच बंद करू शकत नाही. आपण बोर्डाच्या पुढच्या सभेत ट्विन रिव्हर्ससारखाच नियम स्वीकारण्याचा ठराव मांडावा, असे मी सुचवीन. अध्यक्षांना त्यांची शिस्त राखता येईल आणि आपल्याला आपली खिडकी वापरता येईल.

प्रश्न : फ्रिस्को, टेक्सास येथे आमचे घर आहे. एचओएने (घरमालकांच्या असोसिएशनने) पाटी काढा म्हणून पत्र पाठवले आहे. टेक्सासला न्यू जर्सीचा निकाल लागू नसेल ना?

उत्तर : लागू नाही, पण टेक्सासने हा प्रश्न विधिमंडळात कायदा करून सोडवला आहे. मतदानाच्या आधीच्या ९०व्या दिवसापासून ते मतदानानंतरच्या १०व्या दिवसाच्या आधीपर्यंत एचओएला घरमालकाच्या जागेतल्या राजकीय पाटीवर बंदी घालता येत नाही. ३ नोव्हेंबर २०२६ च्या मतदानासाठी हा काळ ५ ऑगस्टपासून मोजला जाईल. मात्र पाटी जमिनीत रोवलेलीच असावी, एका उमेदवाराची किंवा मतदानाला ठेवलेल्या एका ठरावाची एकच असावी आणि ती ४ फूट बाय ६ फूट यापेक्षा मोठी नसावी, अशा अटी एचओए घालू शकते. पाटीला फुगे किंवा दिवे बांधणे, ती झाडाला अडकवणे, तिच्याबरोबर गाणी वाजवणे यांना मनाई करण्याची मुभाही कायद्याने दिली आहे. आलेल्या पत्रावरची तारीख प्रथम पाहा. ती या ९० दिवसांतली असेल आणि आपली पाटी या अटींत बसत असेल, तर कायद्याचा उल्लेख करून लेखी उत्तर द्या. दंडाची रक्कम मुकाट्याने भरू नका.

प्रश्न : मी एच-वन-बी व्हिसावर आहे, ग्रीन कार्डच्या रांगेत आठ वर्षे झाली. घर स्वतःचे आहे, कर भरतो, मुले इथल्या शाळेत जातात. स्कूल बोर्डाच्या निवडणुकीत मला एका उमेदवाराला पाठिंबा द्यायचा आहे. मी मतदान करू शकत नाही हे मला माहीत आहे. पण अंगणात पाटी लावली तर काही अडचण होईल का? मित्र म्हणतात, नसत्या भानगडीत पडू नकोस.

उत्तर : हे पत्र मी दोनदा वाचले, कारण असाच प्रश्न मनात असूनही न विचारणारी पुष्कळ कुटुंबे आपल्यात आहेत. ज्या शाळेत आपली मुले रोज जातात, तिथल्या कारभाराबद्दल आपले मत असणे यात भानगड कसलीही नाही.

या देशात राहणाऱ्या परदेशी नागरिकालाही भाषणस्वातंत्र्य आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९४५ सालीच म्हटले आहे. पाटीच्या बाबतीत सांभाळायची आहे ती पैशाची बाजू. केंद्रीय कायद्याप्रमाणे परदेशी नागरिकाला कोणत्याही निवडणुकीत, मग ती राष्ट्राध्यक्षाची असो वा गावच्या स्कूल बोर्डाची, देणगी देता येत नाही आणि उमेदवाराच्या प्रचारावर खर्चही करता येत नाही. ग्रीन कार्डधारक या बंदीतून वगळलेले आहेत. एच-वन-बीधारक वगळलेले नाहीत. तात्पुरत्या वर्क व्हिसावर आलेल्या दोन व्यक्तींनी या बंदीला आव्हान दिले होते. त्यांतल्या एकाला राष्ट्राध्यक्ष ओबामांच्या फेरनिवडीसाठी स्वतःच्या खर्चाने पत्रके छापून न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये वाटायची होती. वॉशिंग्टनच्या तीन न्यायाधीशांच्या न्यायालयाने २०११ साली बंदी वैध ठरवली आणि पुढल्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. एखाद्या प्रश्नावर स्वतःचे मत बोलून दाखवण्याला मात्र ही बंदी लागू नाही, असेही त्याच निकालात स्पष्ट केले आहे. शिवाय मोबदला न घेता स्वयंसेवक म्हणून उमेदवाराचे काम करण्याची मुभा परदेशी नागरिकाला आहे.

यावरून आपल्यापुरती वागणूक अशी ठरवावी. उमेदवाराच्या प्रचारकार्यालयाने दिलेली पाटी विनामूल्य मिळत असेल तर ती अंगणात लावणे या स्वयंसेवेच्याच जवळचे आहे, आणि त्यात मला अडचण दिसत नाही. पाटी, टोपी किंवा टी-शर्ट प्रचाराच्या दुकानातून विकत मात्र घेऊ नका, कारण त्यासाठी मोजलेली सगळी रक्कम देणगीच समजली जाते. स्वतःच्या पैशाने पाट्या छापून शेजाऱ्यांना वाटू नका. नागरिक असलेल्या मित्राच्या नावाने पैसे देणे तर मुळीच नको. दुसऱ्याच्या नावाने देणगी देणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. आणि आपला अर्ज ज्या टप्प्यावर आहे तो ध्यानात घेऊन आपल्या इमिग्रेशन वकिलाला एकदा विचारून ठेवावे. आठ वर्षे जपलेल्या अर्जासाठी एक फोन करणे योग्यच आहे.

पाटी लावणे नकोच वाटले, तरी बोर्डाच्या खुल्या सभेत उठून पालक म्हणून बोलावे. त्याला ना पैसा लागतो ना परवाना.

प्रश्न : कॅरी, नॉर्थ कॅरोलिना येथे हमरस्त्याच्या कडेला शेकडो पाट्या दिसतात. मग इथे सार्वजनिक जागेवर चालते का?

उत्तर : होय, या राज्याचा कायदा निराळा आहे. राज्याच्या महामार्गांच्या राइट-ऑफ-वेमध्ये, ‘लवकर मतदान’ (मुख्य दिवसाआधी मत देण्याची सोय) सुरू होण्याच्या ३० दिवस आधीपासून मतदानानंतरच्या १०व्या दिवसापर्यंत राजकीय पाट्यांना परवानगी आहे. पाटी डांबराच्या कडेपासून किमान ३ फूट दूर हवी, तिची उंची रस्त्याच्या कडेच्या पातळीपासून ४२ इंचांपेक्षा अधिक नको आणि क्षेत्रफळ ८६४ चौरस इंचांच्या आत हवे. नेहमीची १८ बाय २४ इंचांची पाटी याच्या बरोबर निम्मी भरते. ज्याच्या घरापुढे ती लावायची त्याची परवानगी घ्यावी लागते, हे कार्यकर्ते पुष्कळदा विसरतात. आपल्या दारापुढे न विचारता कोणी पाटी लावली असेल तर आपण उमेदवाराला कळवून ती हलवायला सांगू शकता. गावाच्या स्वतःच्या रस्त्यांवर गावाचा नियम वेगळा असू शकतो.

प्रश्न : आम्ही फ्रीमाँटमध्ये अपार्टमेंट भाड्याने घेतले आहे. घरमालक मनाई करू शकतो का?

उत्तर : कॅलिफोर्नियात भाडेकरूलाही हा हक्क कायद्याने दिला आहे. अपार्टमेंटमध्ये आपल्या खिडकीत किंवा दारावर ६ चौरस फुटांपर्यंतची राजकीय पाटी लावता येते. गावाचा स्वतःचा नियम नसेल तर घरमालक मुदत ठरवू शकतो, पण ती मतदानाआधी निदान ९० दिवस आणि नंतर निदान १५ दिवस असली पाहिजे.

प्रश्न : माझी पत्नी केंद्र सरकारच्या नोकरीत आहे. तिच्या नोकरीवर पाटीचा परिणाम होईल का? (मेरीलँड)

उत्तर : घरच्या अंगणातल्या पाटीचा होणार नाही. १९३९ च्या हॅच कायद्याने कचेरीत आणि कामाच्या वेळेत पक्षीय प्रचाराला मनाई आहे. स्वतःच्या घरी पाटी लावण्यास नाही.

प्रश्न : आमच्या अंगणातून दोन पाट्या रात्री चोरीला गेल्या. दारावरच्या कॅमेऱ्यात शेजारचा कॉलेजात जाणारा मुलगा दिसतो आहे. वीस वर्षांचा शेजार आहे. काय करावे?

उत्तर : स्वतःच्या जमिनीवरची पाटी ही आपली मालमत्ता आहे आणि ती उचलणे ही चोरी आहे, नॉर्थ कॅरोलिनासारख्या राज्यांत तर निवडणुकीच्या पाटीची चोरी किंवा नासधूस हा स्वतंत्र गुन्हा म्हणून लिहिलेला आहे. आपण पोलिसांकडे गेलात तर ते योग्यच ठरेल. तरी आधी त्या मुलाच्या आईवडिलांशी प्रत्यक्ष बोलावे, असे मला मनापासून वाटते. चित्रफीत समाजमाध्यमांवर टाकू नये; ती एकदा बाहेर पडली की परत घेता येत नाही आणि त्या मुलाला पुढे नोकरी शोधायची आहे. बोलल्यानंतरही प्रकार थांबला नाही, तर चित्रफीत आणि तारखा घेऊन पोलिसांत जावे. आणि आपल्या बाजूच्या कोणीही बदला म्हणून दुसऱ्याच्या अंगणात पाऊल टाकणार नाही, याची खबरदारी घ्यावी.

प्रश्न : मी सांगलीहून मुलाकडे तीन महिन्यांसाठी आलो आहे. आमच्याकडे आचारसंहिता लागली की फलक उतरतात. इथे मतदान तोंडावर आले तरी पाट्या वाढतच आहेत. इथे आचारसंहिता नाही का? आणि हे सगळे नंतर काढतो कोण?

उत्तर : काका, आपले निरीक्षण अचूक आहे. भारतात निवडणूक जाहीर झाली की सरकारी मालमत्तेवरचे राजकीय फलक २४ तासांत, इतर सार्वजनिक जागांवरचे ४८ तासांत आणि खासगी मालमत्तेवरचे विनापरवाना फलक ७२ तासांत हटवावे लागतात; शिवाय महाराष्ट्रात मालमत्तेच्या विद्रूपणाविरुद्धचा १९९५ चा कायदा आहेच. अमेरिकेत सगळ्या देशाला लागू असलेली अशी आचारसंहिता नाही आणि ती लागू करणारा आपल्यासारखा एकच निवडणूक आयोगही नाही. मतदान केंद्राजवळच्या प्रचाराला मात्र बंदी असते. टेक्सास आणि कॅलिफोर्निया या राज्यांत ती हद्द १०० फुटांची आहे.

एक साम्य आपल्याला ओळखीचे वाटेल. आपल्याकडे १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे प्रचारपत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक यांची नावे व पत्ते छापावे लागतात, तसे इथल्या उमेदवारांच्या पाट्यांवर खालच्या कडेला, चष्मा लावून वाचावे लागेल अशा बारीक अक्षरांत, पैसे कोणी दिले ते छापलेले असते. उद्या फिरायला जाल तेव्हा एखाद्या पाटीजवळ वाकून पाहा. आपण पर्यटक व्हिसावर आहात, तेव्हा देणगीची आणि खरेदीची जी बंदी वरच्या पत्रातल्या वाचकांना सांगितली ती आपल्यालाही लागू आहे, एवढे सांभाळावे.

काढण्याचे काम ज्याने लावली त्याचे. काही उमेदवार मतदानानंतरच्या शनिवार-रविवारी स्वयंसेवक पाठवून पाट्या गोळा करतात, कारण पुढच्या वेळी त्या पुन्हा वापरता येतात. कोणी आले नाही, तर मुलाला सांगा की पाटीचा तो कप्प्याकप्प्यांचा प्लास्टिकचा पत्रा घरच्या रिसायकलिंगच्या डब्यात बहुतेक गावांत चालत नाही, म्हणून टाकण्याआधी टाउनशिपला विचारावे. तार तेवढी ठेवून द्यावी. पुढच्या उन्हाळ्यात सूनबाईंच्या टोमॅटोच्या रोपांना तिचा चांगला आधार होईल.